बावन्न नंबरचं मडकं

त्रेचाळीस सालच्या माघात, एका शनिवारी, भर दुपारी, कारखान्याच्या क्वार्टरांचे ओव्हरसिअर बापूसाहेब किनखेडे बावन्न नंबरच्या क्वार्टरातून झुलत बाहेर पडले. हे जबलपूरच्या अर्ध्या मराठी मंडळींनी पाहिलं होतं. म्हणजे खरोखर पाहणाऱ्या बाया सात. पण संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत त्या सत्तर झाल्या, आणि होळीपर्यंत तर ज्यांचं तेव्हा लग्न होऊन जबलपुरात येणंही व्हायचं होतं त्यासुद्धा शपथेवर सांगू लागल्या, की बापूसाहेबांनी चौकट धरली, एक पाय उचलला, तो ठेवायला त्यांना जमीन सापडेना, मग डोळे मिटून ‘नर्मदे हर’ म्हणाले आणि आपल्या सायकलीला मिठी मारून उभे राहिले.

बापूसाहेब! दर गणपतीत दारूबंदीवर दीड तास बोलणारे बापूसाहेब. ज्यांच्यासमोर कोणी सोडावॉटरची बाटली फोडली तरी ते तोंड फिरवून बसत, ते बापूसाहेब!

याच्या पुढचं जरा आवाज खाली आणून सांगायचं असे. बावन्न नंबरवाली सत्यभामा मडक्यात महुआची लावते, बाटल्या भरते, आणि त्या दिवशी तिनं ओव्हरसिअरला इतकी पाजली, की तिच्यावरच्या चौकशीचा कागद त्यांनी तिच्याच पाटावर बसून, तिला पाहिजे तसा लिहून दिला.

आता ही सत्यभामा कोण, हे पाहू. नाहीतर पाजणारी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे भलतीच कोणी उभी राहायची.

सत्यभामाबाई पिंपळापुरे ही ताडमाड उंच, सावळी, कमी बोलणारी बाई. नवरा बाबाराव कारखान्यात चाकांच्या खात्यात फिटर. लग्न होऊन सागरहून जबलपुरात आली त्याला बारा वर्षं झाली होती, आणि बारा वर्षांत क्वार्टरांच्या लाइनीतल्या बायांना तिच्यात एकच खोट सापडली होती. तिला काही टाकता येत नसे. दुधीची भाजी झाली की सालींची चटणी. टरबूज खाल्लं की पांढऱ्या गराची कोशिंबीर. बाबारावांचं धोतर फाटलं की त्याची फडकी, फडकी विटली की पोतेरी, पोतेऱ्यांच्या चिंध्या झाल्या की त्या उशीत. बाबाराव म्हणत, “भामे, उद्या मी गेलो तर माझं काय करशील, तेवढं आजच सांगून ठेव.” ती शांतपणे म्हणे, “बघू. तेव्हा जे लागत असेल ते.”

तर ही बाई दरवर्षी तुळशीच्या लग्नाला रसावळ करायची. पनागरहून भाजी आणणारी गेंदाबाई उसाच्या रसाच्या दोन घागरी डोक्यावरून आणून द्यायची. त्या रसात तांदूळ शिजवायचे, वेलदोडा घालायचा आणि सगळ्या लाइनीला वाढायचं. बेचाळीस साली रस आला, मांडव सजला, आणि ऐन वेळी कारखान्यानं माणसं अडकवून ठेवली. लढाईचं तातडीचं काम निघालं होतं. दोन दिवस एकही पुरुष घरी आला नाही, आणि पुरुषांना कारखान्यात कोंडून ठेवून इकडे गोड कोण खाणार? भामाबाईंनी एक घागर घरोघर वाटली. दुसरी पडवीच्या कोपऱ्यात राहिली. तिसऱ्या दिवशी तिच्यावर फेस आला.

दुसरी कोणी असती तर मोरीत ओतून मोकळी झाली असती. पण साखर रेशनवर, गूळ बाजारातून गायब, आणि इथं घागरभर ऊस नासतोय! भामाबाई घागरीपाशी उकिडव्या बसून तिच्याकडे आजारी माणसाकडे पाहावं तशा पाहत होत्या. तेवढ्यात गेंदाबाई टोपली घेऊन आली, वाकली, वास घेतला आणि खुलली.

“ए बाई, फेंक मत दइयो! मटका में भर कें, मों बाँध कें घाम में धर दो. माघ लौं सिरका बन जैहै.”

आपल्या मराठी घरात सिरका, म्हणजे साहेबलोकांचं व्हिनेगर, कोणी पाहिला होता? आंबट म्हणजे लिंबू, चिंच, आमसूल, फार तर ताक. पण गेंदाबाईच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सिरक्याची मडकी उन्हात, तिच्या बोलीत ‘घामा’त, बसलेली असत. ‘टाकू नको’ एवढंच भामाबाईंना ऐकायचं होतं. त्यांनी रस मडक्यात भरला, तोंडाला बाबारावांच्या धोतराचं फडकं बांधलं, आणि त्या दिवसापासून रोज सकाळी मडकं परसात उन्हात आणि दिवेलागणीला आत, असा त्याचा दिनक्रम सुरू केला. लेकराला इतकं कोणी जपत नाही.

शेजारच्या त्रेपन्न नंबरात हेमलताबाई राहत. यजमान टाइम ऑफिसात हेडक्लार्क. बाई मनानं वाईट नव्हत्या हो, पण त्यांचं घर त्या वेळी फुटायला आलं होतं. दसऱ्याला त्यांचा भाऊ रत्नाकर कारखान्यात लागला आणि ‘क्वार्टर मिळेपर्यंत’ म्हणून बायको आणि तीन पोरांसकट त्यांच्याकडे उतरला. युद्धात माणसं भराभर भरली जात होती, क्वार्टरं तेवढीच होती. दीड खोलीत नऊ माणसं. हेमलताबाई स्वयंपाकघरात वळायच्या तर भावजयीला आधी बाहेर जावं लागे. अशी बाई रात्रंदिवस एकच विचार करते: कोणाचं क्वार्टर खाली होतं आहे का? आणि अशा बाईच्या कुंपणापलीकडे रोज सकाळी आंबूस वासाचं, तोंड बांधलेलं मडकं येऊन बसू लागलं.

“मी काही म्हणून नाही राहिली,” त्या नळावर म्हणाल्या, आणि हे वाक्य हेमलताबाईंनी म्हटलं की बाया बादल्या खाली ठेवत. “मी काही म्हणून नाही राहिली बापा, पण आमचा गाववाला कलार होता ना, त्याच्या घरावरून जाताना अस्साच वास यायचा.”

“भामाबाई तर सिरका म्हणतात,” एकजण म्हणाली.

“हो, मग! दारू थोडीच म्हणतील?”

नळावर पाच हिंदी बोलणाऱ्या बायाही पाणी भरत होत्या. त्यांच्यापैकी कोणालाही विचारलं असतं तर तिनं हसून सांगितलं असतं. पण मराठी घरातली गोष्ट परक्यापुढे काढायची नाही, हा आपला बाणा. त्यामुळे जे कळण्यासारखं होतं ते त्या बायांना ठाऊक होतं, आणि जे नव्हतं ते आपल्या बायांना.

इकडे पौष सरता सरता बाबारावांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. दोन-दोन पाळ्या, कँटीनचा चहा, डाळ-भात, पुन्हा चहा. कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ओठ उचलून पाहिलं आणि इंग्रजीत काहीतरी सांगितलं. कंपाउंडर दिवाकर मराठी होता, त्यानं समजावलं, “बाबाराव, कच्चा हिरवा पाला खा. शिजवायचा नाही. साहेबलोक सलाद खातात ना, तसा. वरून तेल आणि सिरका.”

बाबाराव घरी आले ते टोपी आपटतच. “झालं! बारा वर्षं नोकरी केली, आज सरकारनं मला बैल ठरवलं. भामे, गव्हाण बांध!”

भामाबाईंना बैल ऐकूच आला नाही. ‘सिरका’ एवढाच शब्द कानात शिरला. त्यांचा चेहरा असा उजळला, की बाबारावांना वाटलं ही आपल्या आजाराची वाटच पाहत होती.

गेंदाबाई जबलपूरच्या सदर भागातल्या छावणीत गोऱ्यांच्या मेसला भाजी द्यायची. त्यांच्यासाठी पनागरच्या मळ्यात एक कुरकुरीत, झालरीसारखा पाला लावत. ‘गोरन की भाजी’ म्हणायची ती. तो मेसनं नाकारला की बावन्न नंबरात येऊ लागला. त्यात भामाबाई कोवळा पालक, मुळ्याची आतली पानं, हरभऱ्याचे शेंडे, कांद्याची पात, मूठभर कोथिंबीर घालू लागल्या. पाला जमला. अडलं ते वरच्या पाण्यावर.

पहिल्या दिवशी त्यांनी पाल्यावर नुसता सिरका ओतला. बाबारावांनी घास घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे सगळे अवयव मध्यभागी गोळा झाले. दुसऱ्या दिवशी घाण्याचं तिळाचं तेल जास्त घातलं. “हे खायचं की डोक्याला चोळायचं?” त्यांनी विचारलं. तिसऱ्या दिवशी माप बरोबर होतं, पण पाला धुऊन ओलाच घेतला होता. तेल पानांवरून घसरून ताटलीच्या तळाशी जाऊन बसलं, सिरका त्याच्यापासून फुटून दुसरीकडे, आणि पाला मध्ये कोरडा ठणठणीत तत्त्वज्ञान सांगत.

भामाबाई तळाशी पडलेलं ते तेल-पाणी टाकू शकत नव्हत्या, म्हणून विचार करत बसल्या. लोणच्याच्या खारात तेल आणि आंब्याचं पाणी एकत्र कसं नांदतं? मोहरीमुळं. त्यांनी चमचाभर मोहरी पाट्यावर घेतली, पाण्याचा शिपका मारत फेसली, नाकात झिणझिण्या येऊन डोळ्यांतून पाणी येईस्तोवर फेसली. त्यात मीठ, सुपारीएवढा गूळ, एक पळी सिरका. मग तीन पळ्या तेल, पण एकदम नाही; धार धरून, घोटत घोटत. आणि काय सांगावं, भाऊबंदांसारख्या वेगळ्या चुली मांडून बसलेले तेल आणि सिरका एकमेकांत मिसळले. पिवळसर, दाट, पळीला धरून राहणारा रस झाला. पाल्याचं पाणी काढायला त्यांनी तो धुऊन धोतराच्या फडक्यात बांधला, परसात उभं राहून गाठोडं गोफणीसारखं गरगर फिरवलं. पाणी चारी दिशांना उडालं. कोरडा पाला, त्यावर तो रस, हातानं हलकेच खालीवर. प्रत्येक पानाला जरासा लागेल एवढाच.

बाबारावांनी खाल्लं. ताटली पुढे सरकवली. बारा वर्षांच्या संसारात ताटली पुढे सरकवणं म्हणजे काय, हे कळायला शब्द लागत नाहीत.

आता यातलं कुंपणापलीकडून काय दिसत होतं, तेही पाहा. मडकं उन्हात. बाई गाठोडं डोक्याभोवती फिरवून चारी दिशांना पाणी शिंपडते. आणि बाटल्या! सिरका गाळून ठेवायला घट्ट बुचाच्या बाटल्या पाहिजे होत्या. युद्धात तशा एकाच ठिकाणी मिळत: सदरच्या भंगारवाल्या कबाड्याकडे, सोल्जरांनी रिकाम्या केलेल्या रमच्या. भामाबाईंनी सहा आणल्या, राखेनं घासल्या आणि खिडकीत ओळीनं उन्हात लावल्या. लेबलं निघाली नाहीत, म्हणून तशीच राहू दिली.

हेमलताबाईंना आणखी काय पुरावा पाहिजे होता? आठवड्यात ओव्हरसिअर बापूसाहेबांच्या टेबलावर बिनसहीची चिठ्ठी पडली.

बाबारावांना खबर लागली ती खात्यातच. ते घरी आले, तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा होता.

“भामे, शनिवारी बापूसाहेब तपासणीला येऊन राहिले. क्वार्टरात दारू निघाली तर अठ्ठेचाळीस तासांत घर खाली. ओत ते मोरीत.”

“काहून?”

“काहून काय! शहरात एक खोली नाही. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात लोक कापडाच्या दुकानांच्या माळ्यावर झोपून राहिले. आपण कुठं जाऊ?”

“सिरका आहे तो.”

“मला ठाऊक आहे. बापूसाहेबांना कोण सांगेल? त्यांनी जन्मात सिरका पाहिला आहे का?”

भामाबाईंनी घरभर नजर फिरवली. दीड खोली, परसात मिरचीची चार झाडं, तुळस, भिंतीवर बारा वर्षांच्या दिवाळ्यांची गेरूची बोटं. शनिवारनंतर तिथं दुसऱ्याच कोणाची चूल असणार होती. पण मग त्या म्हणाल्या, “आज ओतलं तर सगळी लाइन म्हणेल, दारू होती म्हणूनच ओतली. आणि तुमच्या हिरड्या आता कुठं बऱ्या होऊन राहिल्या. राहू द्या.”

शनिवारी साडेअकराला बापूसाहेब सायकलवरून आले. काळी टोपी, छातीवर येणाऱ्या मिशा, काखेत वही. बापूसाहेबांना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक, दारूचा थेंब कधी ओठाला लागला नाही. दुसरी, पद्मासन. दर सोमवारी नर्मदेच्या ग्वारीघाटावर ते दोन तास पद्मासनात बसत, आणि आजकालच्या पोरांना पाटावर अर्धा तास बसवत नाही, यावर कळवळून बोलत. साक्षीदार म्हणून त्यांनी हेमलताबाईंना बोलावलं. कुंपणाला आणखी पाच-सहाजणी आपणहून लागल्या.

“हे ते मडकं?” बापूसाहेबांनी नाकाला उपरणं लावलं.

“हो.”

“काय आहे यात?”

“सिरका.”

“वास तर...”

“आंबलेल्या उसाचा आहे. आता चव घेतली तर कळेल,” भामाबाई म्हणाल्या.

बापूसाहेब दोन पावलं मागे सरले. “मी? यात दारू निघाली तर? माझं व्रत बुडेल! हेमलताबाई, तुम्ही घ्या.”

“अगं बाई! मी सवाष्ण बाई, चतुर्थीचे उपास करणारी!”

बाहेर गेंदाबाई टोपली घेऊन टेकली होती. ती म्हणाली, “लाओ, हम चख लें.”

“तुम्हारा क्या भरोसा? तुम तो रस देनेवाली हो,” बापूसाहेबांनी तिला गप्प केलं आणि वही उघडली. “मग बाई, चव कोणी घेत नाही, वास तर येऊन राहिला, बाटल्यांवर लेबलं दारूची. मला लिहावं लागेल.”

पेन्सिल कागदाला टेकणार, तोच बाराचा भोंगा झाला. बाबारावांना जेवायला अर्धा तास मिळे. भामाबाईंनी पदर खोचला.

“बापूसाहेब, आमचे हे येतील आता. तुम्हीही जेवूनच लिहा. भरल्या दुपारी घरातून उपाशी कसं जाऊ देऊ?”

“चौकशीच्या घरी मी जेवत नाही.”

“जेवू नका. नुसती कोशिंबीर घ्या. पाहुणा दारातून कोरडा गेला तर आमच्याकडे चालत नाही. क्वार्टर मग घ्या.”

आता याला नाही म्हणायचं कसं? बापूसाहेब ओव्हरसिअर होते, तसे मराठीही होते. बाबाराव धापा टाकत आले, पाटावर बसले, शेजारच्या पाटावर बापूसाहेबांनी मांडी घातली. मांडी कसली, पद्मासनच. कुंपणाला बाया होत्या ना. आत भामाबाईंनी सकाळीच घोटून ठेवलेल्या रसाची चिनी मातीची बरणी काढली, पाल्यावर रस सोडला, हातानं खालीवर केलं आणि दोन ताटल्या बाहेर आणल्या. दारात उभ्या हेमलताबाईंच्या हातातही एक वाटी दिली. “तुम्हीही चव पाहा, ताई. साक्षीला उभं राहून थकल्या असाल.”

बापूसाहेबांनी शिष्टाचारापुरतं एक पान उचललं. चावलं. थांबले. दुसरं उचललं. त्यात मोहरीनं नाकाला हलकी टिचकी मारली, गुळानं लगेच समजूत घातली, पाला दाताखाली करकरला. मग ते खाली मान घालून खातच सुटले. फेब्रुवारीचं ऊन दारातून आत आलं होतं आणि बापूसाहेबांच्या मिशीच्या टोकाला पिवळा थेंब चमकत होता.

“फार छान! यात काय घातलं?”

“तिळाचं तेल, फेसलेली मोहरी, मीठ, गूळ.”

“एवढंच? आमच्या घरी असं का होत नाही? वाढा अजून थोडं.”

भामाबाईंनी वाढलं. दुसऱ्यांदा वाढलं. तिसऱ्यांदा बापूसाहेबांनी ताटली स्वतःच पुढे केली, तेव्हा बाबारावांनी तोंडासमोर पाण्याचा पेला धरला. त्यांना कळलं होतं काय चाललंय, आणि हसावं की पळून जावं ते ठरत नव्हतं. हेमलताबाईंनी तर वाटी पुसून काढून बोट चाटलं.

“बापूसाहेब,” भामाबाई पदरानं हात पुसत म्हणाल्या, “बरं वाटतंय ना? डोकं जड वगैरे?”

“छे, छे! एकदम तरतरीत.”

“गरगरत नाही ना? ताई, तुम्हाला?”

“मला काहून गरगरेल बापा? छान लागलं.”

“मग सांगते. पाचवी वस्तू सांगायची राहिली. आंबटपणाला त्या मडक्यातलं दोन पळ्या घातलं आहे.”

बापूसाहेबांच्या तोंडात अर्धं पान होतं. ते ना गिळवे, ना थुंकवे.

“आता लिहा,” भामाबाई म्हणाल्या. वही उचलून बापूसाहेबांपुढे ठेवली. “मडक्यात दारू असेल तर लिहा, की ओव्हरसिअरांनी तीन वेळा मागून खाल्ली आणि साक्षीदारानं वाटी चाटली. सिरका असेल तर सिरका लिहा. तुम्ही चव घेतली आहे. आता तुमच्याइतकं कोणाला ठाऊक?”

बापूसाहेबांनी भामाबाईंकडे पाहिलं, हेमलताबाईंकडे पाहिलं. हेमलताबाईंनी वाटी हळूच पाठीमागे नेली. मग बापूसाहेबांनी पान गिळलं, मिशी पुसली आणि तिथेच पाटावर बसून वहीत लिहिलं: ‘बावन्न नंबर. मडक्यात सिरका. स्वतः खाऊन खात्री केली. तक्रार निराधार.’ सही ठोकली, साक्षीला वही पुढे केली. हेमलताबाईंनी सही केली ती अक्षर लपवायचं विसरून. आणि बापूसाहेबांनी ते अक्षर दोन क्षण जरा जास्तच निरखून पाहिलं.

“त्रेपन्नात किती माणसं आहेत?” त्यांनी विचारलं.

“नऊ,” हेमलताबाई म्हणाल्या, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना रडू आलं.

बापूसाहेबांनी वहीत तेही टिपलं. चैत्रात नव्या लाइनीतलं क्वार्टर रत्नाकरला मिळालं, आणि सामान हलवताना चिठ्ठीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. हेमलताबाई स्वतः वाटी घेऊन आल्या. “तुमच्या मडक्यातलं जरासं,” त्या म्हणाल्या. भामाबाईंनी भरून दिलं. त्यानंतर लाइनीतल्या सात घरांत मडकी बसली. बाबारावांच्या हिरड्या होळीआधी बऱ्या झाल्या आणि लढाई संपेपर्यंत त्यांनी गाईसारखा पाला खाल्ला.

पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी कुंपणाच्या बायांना आतलं काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की भामाबाईंच्या घरात अर्धा तास बसून बापूसाहेब उठले, चौकटीला लटकले, ‘नर्मदे हर’ म्हणाले आणि सायकलीला मिठी मारली. बापूसाहेबांनी त्याचा खुलासा कधी केला नाही. लोक झिंगले म्हणतात, म्हणू देत, असं त्यांनी ठरवलं असावं; खरं सांगण्यापेक्षा त्यांना ते सोपं वाटलं. भामाबाईंना खरं ठाऊक होतं, कारण पाटापाशी उभ्या राहून त्यांनी सगळं पाहिलं होतं. पण ज्या माणसानं क्वार्टर वाचवलं, त्याची फजिती कशी करायची? त्यांनीही तोंड मिटून ठेवलं.

अफवा मात्र टिकली. चाळीस वर्षांनी भामाबाईंची नात विनता नागपूरला एका लग्नाला गेली, तर पंगतीत शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं. “तू जबलपूरच्या पिंपळापुऱ्यांची ना? तुझ्या आजीनं ओव्हरसिअरला पाजली होती म्हणे!” विनतानं घरी येऊन विचारलं. भामाबाई तेव्हा हिरव्या वाटाण्याच्या साली सोलत होत्या, आतला पातळ पापुद्रा काढून त्यांची भाजी करायची होती.

“आजी, खरं काय झालं होतं?”

“मडक्यात सिरका होता,” भामाबाई म्हणाल्या. “आणि बापूसाहेबांच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या.”